चढत्या माशाला वाट द्या!

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा जमला आहे आणि घरोघरी चातुर्मासाचे संकल्प सुटत आहेत. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करील, कोणी वांगे सोडील, कोणी एकभुक्त राहील. ठाणे जिल्ह्यातील आमच्या श्रोतृवर्गात मत्स्याहारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांतले माळकरी सोडले, तरी इतर अनेकजण निदान श्रावणभर मासळीला शिवत नाहीत. या व्रतस्थ वाचकांपुढे आज एक लहानसे निवेदन ठेवावयाचे आहे. विषय मासळीचाच आहे. तो आम्हांस कोणा ग्रंथाने शिकविला नाही, आमच्याच एका फजितीने शिकविला, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

रिकामा मंडप

गेल्या वर्षी मृग नक्षत्राच्या आरंभी मुरबाड तालुक्यातील धसई येथे आमचे कीर्तन होते. आम्ही त्र्यंबकेश्वरचे. घाट उतरून या मुलखात कीर्तनसेवेस येण्याचा आमचा परिपाठ गेल्या तीस वर्षांचा. त्या रात्री आख्यान लावले होते मत्स्यावताराचे. पूर्वरंग आटोपला, नाम झाले, आणि आम्ही कथेस हात घातला. मनू प्रातःकाळी हात धुण्यासाठी पाणी घेतो, त्या पाण्याबरोबर एक इवलासा मासा त्याच्या ओंजळीत येतो आणि म्हणतो की माझे रक्षण कर. कथा येथवर येते तोच पत्र्यावर धो धो पाऊस कोसळू लागला. वर्षातला पहिला मोठा पाऊस. मंडपाच्या कडेला कोणीतरी कुजबुजले, "वलगण चढली!"

पाहता पाहता अर्धा मंडप रिता झाला. पेटीवाले गृहस्थ गावातलेच. त्यांची बोटे पेटीवर आणि कान ओढ्याकडे! मनूच्या ओंजळीतला मासा ओंजळीतच राहिला आणि आमचे श्रोते टॉर्च, पाग व पोती घेऊन पाण्याकडे धावले.

आम्हांस राग आला, तो आम्ही गिळावयास हवा होता. तो आम्ही उरलेल्या श्रोत्यांवर काढला. जीवहत्येचे पातक, यमयातना, जे जे आठवले ते सर्व ऐकविले. मंडपाच्या अगदी कडेला पाच-सहा कातकरी स्त्रीपुरुष बसले होते. ते मुकाट्याने उठले आणि निघून गेले. जे मौजेखातर ओढ्यावर गेले होते, ते ऐकावयास तेथे नव्हते. जे कथेसाठी थांबले होते, त्यांनाच आम्ही बोल लावला. कीर्तनकाराच्या हातून याहून मोठा प्रमाद कोणता व्हावा?

ओढ्याकाठची शिकवणी

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान म्हणाले, "बुवा, चला, वलगण काय असते ते डोळ्यांनी पाहून घ्या." आम्ही गेलो.

शहरी वाचकांसाठी थोडे सांगावयास हवे. उन्हाळ्यात ओढे आटतात आणि मासे नदीच्या डोहांत, कोंडींत जीव धरून राहतात. पहिल्या पावसाचा गढूळ, गार लोंढा खाली आला की त्यांना अंडी घालण्याची वेळ झाल्याची खूण पटते. मग ते प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत, ओहळांत आणि तेथून भाताच्या खाचरांत चढू लागतात. या चढणीस ठाणे-रायगडकडे वलगण म्हणतात. शिंगटी, मरळ, शिवडा, वाम, मुऱ्या, खवले चमकवणारी लहान-मोठी मासळी, सगळी या वाटेने धावते. खाचरातले उथळ पाणी उबदार असते, त्यात पिलांना लागणारे सूक्ष्म खाद्य मुबलक असते आणि त्यांना गिळणारे मोठे मासे तेथे कमी असतात. थोडक्यात, शेतकऱ्याचे खाचर हेच माशांचे माहेर, आणि ही माशी बाळंतपणासाठी माहेरी निघालेली असते.

ओढ्याच्या एका चिंचोळ्या जागी शहरातून आलेली काही तरुण मंडळी होती. गाड्या रस्त्यावर उभ्या. त्यांनी ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत बारीक आसाचे जाळे आडवे बांधले होते. थोडे वर दोघेजण बॅटरीच्या तारा पाण्यात सोडून मासे बधिर करीत होते. खडकावर तीन पोती भरून ठेवलेली. ज्यांना किंमत नाही अशी बोटभर मासळी काठावर फेकलेली, तीतली काही अजून तडफडत होती. एका मासळीचे पोट फुटून पिवळसर अंड्यांचा पुंजका बाहेर आला होता. त्या एका पुंजक्यात हजारो अंडी असतात. मंडळी वाईट नव्हती. एकाने अदबीने आम्हांस चहा विचारला. "दरवर्षी एक दिवस येतो महाराज, मजा म्हणून," असे तो म्हणाला.

काठावर एक वृद्ध कातकरी बांबूच्या कामट्यांचा रिकामा सापळा घेऊन बसला होता. रात्री मंडपातून उठून गेलेल्यांपैकीच तो एक. आम्ही त्याच्यापाशी बसलो आणि रात्रीच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. तो हसला. म्हणाला, "बुवा, तुमी सांगितलंत मासा वाचवा. पन कंचा? चढता का उतरता, ते नाय सांगितलंत."

आम्ही निरुत्तर झालो. तो पुढे म्हणाला, "आमचा आजा चढत्या माशाला वाट द्यायचा. भादव्यात पानी वसरलं का मासा शेतातनं खाली उतरतो. तो घ्यायचा. चढतीच्या पोटात आंडी, उतरतीच्या पोटात काय नाय. आता सगळेच चढता मारतात. मंग आमी एकट्यानं सोडून काय व्हनार? आमी सोडला का त्यांच्या पोत्यात."

चार वाक्यांत त्याने सगळे शास्त्र सांगितले आणि सगळी अडचणही सांगितली. एकट्याचे व्रत येथे चालत नाही. ओढा सर्वांचा, म्हणून नियमही सर्वांचा हवा.

मासा किती दिवसांचे अभय मागतो?

त्र्यंबकास परतल्यावर आम्ही शतपथ ब्राह्मणातील मनुमत्स्याची कथा पुन्हा उघडली. आजवर शेकडो वेळा सांगितलेली ही कथा, पण एक गोष्ट आमच्या ध्यानी कधी आलीच नव्हती. तो मासा मनूकडे आमरण अभय मागत नाही. लहानपणी आमच्या जातीचा फार नाश होतो, मासाच माशाला गिळतो, म्हणून मी वाढेपर्यंत मला सांभाळ, एवढीच त्याची याचना. मनू त्याला आधी कुंभात ठेवतो, मग खड्ड्यात, आणि तो आपले रक्षण करण्याइतका थोर झाला की समुद्रात सोडतो. पुढे प्रलय येतो तेव्हा तोच मासा मनूची नौका ओढून नेतो. तात्पर्य असे की, अभय हवे ते नाजूक काळापुरते. आणि ते देणाराच शेवटी तरतो.

राजशासनातही हा विचार जुना आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने राज्याभिषेकास २६ वर्षे झाल्यावर पाचवा स्तंभलेख कोरविला. त्यात अवध्य प्राण्यांची यादी आहे. गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतील पिले मारू नयेत असा आदेश आहे. माशांपुरते पाहिले तर तीन चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस या काळात मासे मारू नयेत व विकूही नयेत असे त्यात म्हटले आहे. सरसकट बंदी नव्हे, ठराविक दिवसांची बंदी.

आणि गळ टाकण्याची हौस आजची आहे असे कोणी समजू नये. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' या नावाचे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचे आमिष, गळ आणि दोरी यांचा त्यात विस्ताराने विचार आहे. विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्याचा आवर्जून अभ्यास केला. विनोद पूर्वीही होता. फरक एवढाच की, राजाच्या हाती एक गळ होता, आजच्या हौशी माणसाच्या हाती ओढा अडविणारे जाळे आणि विजेची तार आहे.

जागेचे अभय आणि काळाचे अभय

आमच्या त्र्यंबकच्या डोंगररांगांतून जशी गोदावरी निघते, तशीच वैतरणाही निघते आणि पश्चिमेस वळून सागराला मिळते. तिच्या काठी वाडा तालुक्यात तिळसे येथे तिळसेश्वर महादेवाचे स्थान आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. तेथील डोहात महशीर जातीचे मासे निर्भय विहरतात. महाशिवरात्रीस येणारे भाविक त्यांना खाऊ घालतात, पण मारीत नाहीत, कारण ते देवाचे. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीच्या वाळणकोंडीतही वरदायिनी देवीच्या आश्रयाने माशांना असेच अभय लाभले आहे.

हे जागेचे अभय. त्याची थोरवी आम्ही काय वर्णावी! परंतु ते डोहापुरते असते. पावसात मासा डोहाबाहेर पडून ओढ्यात चढला की देवाची हद्द संपते. तेथे त्याला काळाचे अभय लागते.

समुद्राच्या बाबतीत शासनाने ते मानले आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते, कारण तोच अनेक माशांच्या विणीचा हंगाम. कोळी बांधव नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहतात त्यामागेही समुद्राला उसंत देण्याचे जुने शहाणपण आहे. पापलेटचे प्रमाण घटत चालले म्हणून २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा घोषित केले. ओढ्याचे काय? सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यानेच मनाई केली आहे. पण प्रत्येक ओहळावर मध्यरात्री कोणता अधिकारी उभा राहणार?

परदेशांतही हाच पेच आहे. तेथे सॅल्मन नावाचा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी जन्मनदीत परततो. आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण त्याचे कूळ निराळे. सॅल्मन गळाला लावणे हा तेथील हजारो हौशी लोकांचा जुना छंद. २०२३ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने अटलांटिक सॅल्मनला संकटाच्या उंबरठ्यावरील प्राण्यांत घातले. स्कॉटलंडने २०१६ पासून नद्यांची प्रतवारी केली आहे. जेथे मासा विरळ, तेथे गळाला लागलेला सॅल्मन जिवंत परत सोडावाच लागतो. नॉर्वेने २०२४ च्या जूनमध्ये, ऐन हंगामात, ३३ नद्यांत सॅल्मनची मासेमारी थांबविली. छंद बंद झाल्याचे दुःख तेथील लोकांना झाले असणारच. पण नदी रिकामी झाली तर छंद तरी कशावर चालावा?

कोणी म्हणेल, एवढी चिंता कशाला, मत्स्यबीज आणून सोडू. याचेही उत्तर आपल्या घरातच आहे. लोणावळ्यास टाटा विद्युत कंपन्यांच्या मत्स्यकेंद्रात १९७० नंतरच्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी प्रभृतींनी दख्खनी महशिराची पैदास यशस्वी केली. ते काम मोलाचेच होते. पुढे या महशिराची पिले दूरच्या कावेरीतही सोडली गेली आणि तेथे ती फोफावली. कावेरीचा मूळचा, उंच पाठीचा अजस्र महशीर मात्र ओसरत गेला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्याची नेमकी ओळख पटविली, तोवर तो अतिसंकटग्रस्तांत मोजण्याइतका विरळ झाला होता. आणि हा ऱ्हास कशावरून कळला? मासा पकडून पुन्हा सोडणाऱ्या हौशी गळवाल्यांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींवरून! म्हणजे बाहेरून आणलेले बीज मूळच्या माशाची जागा भरून काढीत नाही. आणि मर्यादा पाळणारा हौशी माणूस नदीचा राखणदारही होऊ शकतो.

मासा पंचांग पाहत नाही

आता चातुर्मासाच्या मुद्द्यावर येऊ. आपले व्रत तिथीने चालते, तिथी चंद्राने. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला. मृग नक्षत्र सूर्याचे, म्हणून ते दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारासच लागते. आणि मासा? तो चंद्रही पाहत नाही, सूर्यही पाहत नाही. तो पाणी पाहतो. पहिला लोंढा आला की निघाला. बहुधा हे आषाढी एकादशीच्या आधीच घडून जाते.

याचा परिणाम काय होतो, ते पाहा. अंड्यांनी भरलेली चढती मासळी आपण व्रताआधी खातो. काहीजण श्रावणच पाळतात, ते आषाढी अमावास्येपर्यंत हात आखडता घेत नाहीत. मग व्रत धरतो. आणि भाद्रपद-आश्विनात अंडी घालून मोकळी झालेली मासळी, खाचरांत वाढलेल्या पिलांसह उतरू लागते, तेव्हा अनेक कडक व्रतस्थ पानावर मासा घेत नाहीत! सोडावयाचा तेव्हा खातो आणि खाण्यास हरकत नसते तेव्हा सोडतो. व्रताचा हेतू संयम, तो उत्तमच. पण त्या संयमाचा चार दिवसांनी जरी जीवाला उपयोग होणार असेल, तर ते चार दिवस कोणते, हे पाहण्यात अधर्म कसला?

मरळीचेच पाहा. ही मासळी आपल्या पिलांचा लालसर पुंजका भोवती घेऊन फिरते, नर-मादी दोघेही राखण करतात. त्या दिवसांत राखणदार उचलला की पुंजक्यावर इतर मासे तुटून पडतात. एक मासा पोत्यात जातो आणि एक कुटुंब ओढ्यातून नाहीसे होते.

संकल्पाची जोड

आम्ही शाकाहारी आहोत. खाणाऱ्याला खाऊ नको म्हणण्याचा अधिकार आम्ही त्या रात्री धसईला गमावला आणि तो परत मागत नाही. आमची विनंती मर्यादेपुरतीच आहे. मृगानंतर पहिला लोंढा वाहिला की आठ दिवस चढत्या माशाला वाट द्यावी. मौजेसाठी जाणाऱ्यांनी हे आठ दिवस पूर्ण पाळावेत. एरव्ही गळ टाकावा, पण अंड्यांची मासळी लागली तर ओल्या हाताने सोडवून पाण्यात सोडावी. ओढ्याच्या दोन्ही काठांना भिडेल असे जाळे कोणीच बांधू नये, निम्मे पात्र मोकळे ठेवावे. विजेची तार, सुरुंगाची दारू आणि विष यांना तर बाराही महिने बंदी असावी.

आणि ज्याच्या घरी त्या दिवशी चूल मासळीवरच पेटते, त्या कातकऱ्याच्या सापळ्यापासून नियमाचा आरंभ करू नये. आरंभ गाडीतून येणाऱ्या पोत्यांपासून करावा. पोटासाठी मारणारा आणि मौजेसाठी मारणारा यांना एकाच तराजूत घालणे हा आमचा प्रमाद होता. तो ग्रामसभांच्या हातून घडू नये. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून धसईचे नाव गाजले होते. नव्या गोष्टीचा पहिला मान घेण्याची त्या गावाला सवय आहे. हाही मान त्याने घ्यावा.

गेल्या भाद्रपदात आम्ही पुन्हा धसईस गेलो. यजमानांनी आपल्या खाचराच्या तोंडाशी, पाणी खाली जाते तेथे, त्या वृद्धास सापळा लावू दिला होता. सापळ्यात मासळी होती. म्हातारबा म्हणाले, "बुवा, ही उतरती हाय, बगा." आम्ही पाहिले. यंदा मृगात पहिला पाऊस झाला त्या रात्री यजमान स्वतः कंदील घेऊन आपल्या बांधावर बसले आणि तेवढ्या भागात कोणाला जाळे लावू दिले नाही. एका माणसाने एका बांधापुरते केले. ओढ्याच्या मानाने ते फार थोडे आहे, हे ते स्वतःच सांगतात.

म्हणून वाचकहो, आज संकल्पाचे पाणी सोडताना पळीभर पाणी आणखी घ्या आणि पुढील मृगातले हे आठ दिवस त्यात घाला. आम्हीही घालीत आहोत. पुढील वर्षी धसईला पुन्हा मत्स्यावताराचेच आख्यान लावणार आहोत, मृगाच्या पहिल्याच रात्री. पाऊस आला आणि तरीही मंडप भरलेला राहिला, तर मनूच्या ओंजळीतला मासा सागरापर्यंत पोहोचला असे आम्ही समजू. इत्यलम्.